तीन खांब मागून

शंभरातून सात वजा करा, म्हणाली चिपळूणची डॉक्टरीण,
मग पुन्हा सात. थांबू नका.
त्र्याण्णव, म्हटलं मी. बर्फाचा कारखाना.
शहाऐंशी. कस्टमचं ऑफिस, तिथे फोन नेहमी उशिरा उचलायचे.
एकोणऐंशी. लिमयांचा दवाखाना, रात्री दोनदा तरी.
बहात्तर

आणि पुढे नुसती खरखर.

गणित बरोबर आहे, ती म्हणाली, पुढे चला.
तिला काय सांगू, आकडा नव्हता हरवला,
आकड्यामागचं माणूस हरवलं होतं.
सोळा वर्षं हर्णैच्या एक्स्चेंजमध्ये
पुढ्यात भोकांची पाटी, हातात दोऱ्या,
गावाचे शंभर नंबर मला वहीशिवाय येत.

सलाईनच्या बाटलीतून थेंब उतरतात
आणि एकेक नाव उतरून जातं, असं वाटतं.

रोज चाला, तिने कागदावर लिहून दिलं.
औषधाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा, अंगणातल्या अंगणात का होईना.
चालणाऱ्यांच्या डोक्यातलं धुकं विरळ होताना दिसतंय,
पण खात्री देत नाही.
खात्री न देणारं माणूस मला पटतं.
मीही ट्रंक कॉल मागणाऱ्याला
‘लागेल’ कधी म्हटलं नाही.
‘बघते’ म्हणायची.

पहिल्या आठवड्यात विहिरीपर्यंत.
मग मशिदीचा कोपरा.
मग बंदर.
सोबत खतीजा परकार, तिचा गुडघा आणि माझं डोकं,
दोघींत मिळून एक धड म्हातारी.

तळपायांना आता वाळू कळत नाही,
गादीवरून चालल्यासारखं.
एकदा डावी चप्पल मागेच राहिली
आणि मी होड्यांपर्यंत तशीच गेले.
खतीजाने परत जाऊन आणली. हसली नाही,
म्हणजे घरी जाऊन हसली असणार.

लिलावात टोपलीभर तो मासा,
रुपेरी, चपटा, शेपटीला कात्री मारलेला,
जन्मभर खाल्लेला,
आणि नाव येईना.
खतीजा गप्प. मी गप्प. चालत राहिलो.
विजेचा एक खांब गेला, दुसरा गेला,
तिसऱ्यापाशी मी ओरडले, पापलेट!
स्कूटरवाला थांबून म्हणाला, काय भाव?

तेव्हापासून ठरलं आहे,
शब्द तीन खांब मागून येतो.
उभं राहिलं तर येत नाही.

दिवाळीनंतर दीपगृहाचा चढ धरला.
अर्ध्यावर धाप, कानात स्वतःचंच काळीज,
खाली सुवर्णदुर्गाभोवती पाणी तापून पांढरं झालेलं,
टोपीखाली टकलावर घाम,
आणि त्या ठोक्यांत कुठेतरी
एक झाकण खाली पडलं, जसं पाटीवर पडायचं
कुणी आपल्याला हाक मारली की.

बहात्तर.
अब्दुल्ला परकार, किराणा.
कुवेतचा कॉल, पावसाळ्याच्या तोंडावर,
गिऱ्हाईकांच्या गर्दीत उभी राहून बोलणारी
नव्या लग्नाची मुलगी.
तीन मिनिटं झाली, असं मधे बोलायचं होतं मला.
मी बोलले नाही.
नऊ होऊ दिली.

खतीजा दगडावर बसून गुडघा चोळत होती.
अगो, नऊ नव्हं, अकरा, ती म्हणाली.
मी घड्याळ बघत होते.

म्हणजे तुला ठाऊक होतं?
महिनाभर बहात्तर बहात्तर करतेय मी!

सांगितलं असतं तर ह्यो चढ
चढली असतीस, शशे?

बुधवारी पुन्हा चिपळूण.
पुन्हा ती बाटली, पुन्हा तीन दिवस तोंडात लोखंड,
आणि कदाचित बहात्तर पुन्हा जाईल,
परकारांचं दुकान, पोतं, तराजू, सगळ्यासकट.
खतीजा म्हणते, गेलं तर जाऊं दे, मी आहे की लक्षात ठेवायला.
ते काही मला चालणार नाही.

उतरताना पाय जपून टाकते,
जमीन डोळ्यांनी चाचपते, तळव्यांना विचारत नाही.
बहात्तरातून सात गेले पासष्ट.
पासष्ट कुणाचा?

बघते.