नमुना चौथा

पुण्याच्या कंपनीला रविवारपर्यंत माझं काम बघायचंय.
'पोर्टफोलिओ पाठवा,' फोनवरच्या बाई म्हणाल्या,
'पाचसहा नमुने, आणि सुरुवातीला चार ओळींत
तुम्ही कोण.'

नमुने आहेत.
बँकेतल्या शिपायांसाठी केलेला, निळ्या पट्टीचा,
बटण दाबलं की बरोबरची हिरवी खूण उगवते.
नर्सिंगच्या मुलींचा, हात धुण्याच्या सात पायऱ्यांचा.
साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा,
त्यात आवाज माझाच आहे, सर्दी झालेला.
एकेक ओढून ओळीत ठेवते
आणि बघायला आलेल्या माणसांपुढे
पोह्यांच्या बशा मांडल्यासारखं वाटतं.

चार ओळी मात्र अडल्यात.
पहिलीतच गाव येतं.
बेळगाव लिहू की बेळगावी?
आधार कार्डावर एक, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं,
आणि वडगावातल्या आमच्या घराच्या पाटीवर
बाबांनी दोन्ही टाळून
नुसता पिनकोड रंगवलाय.

चौथा नमुना दिसायला काहीच नाही.
उद्यमबागेतल्या फाउंड्रीसाठी केलेला, पहिल्याच वर्षी.
मला वाटलं होतं चाळीस स्लाइड पुरतील,
वीस मराठीत, वीस कन्नडात.
(कन्नड माझं शाळेतलं, पस्तीस मार्कांचं.)
जेवणाच्या सुट्टीत प्रोजेक्टर लावला.
माणसं भाकरी खात सभ्यपणे बघत राहिली,
लग्नाचा व्हिडिओ बघतात तशी,
आपण त्यात कुठं आहोत एवढंच शोधत.

मग मोनाप्पा उठला. कंग्राळीचा, साच्यावरचा.
मला काही दाखवायला नाही, पाणी प्यायला.
जाताजाता खिशातून खडू काढला
आणि नुकत्याच ओतलेल्या पेटीभोवती
जमिनीवर वाकडातिकडा गोल मारला.

'हे कशाला?'
'तापलेलं लोखंड गार लोखंडासारखंच दिसतंय की, बाई.
बैलहोंगलचं नवं पोरगं आलंय काल.
मी म्हणतो तापलंय, ते म्हणतंय बिसी.
कुठल्याबी भाषेत हात भाजतोय न्हवं?'

त्या रात्री एकोणचाळीस स्लाइड पुसल्या.
एक ठेवली. खडूचा गोल, आत काही नाही,
बाहेर दोन पावलं, थांबलेली.
मालक म्हणाले, 'एवढ्याचे एवढे पैसे?'
अर्धेच दिले.
मी भांडले नाही.
अर्धं काम मोनाप्पाचंच होतं,
पण ते पैसे त्यालाही मिळाले नाहीत
आणि हे मी कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नाही.

रकाने असे: गरज, भूमिका, परिणाम.
भूमिकेत लिहिलं होतं, 'पाठाचा आराखडा, चित्र, मांडणी.'
खोडलं.
'उभी होते. बघत होते.'
हे खोडायला गेले, नाही खोडवलं.
मग खाली त्याचं नाव टाकलं, आडनावासकट,
मोनाप्पा होनगेकर, साचाकाम, बावीस वर्षं.
नोकरी मला हवी आहे, ठाऊक आहे मला.

परिणाम मोजता येत नाही.
सहा महिन्यांनी गेले होते बिल मागायला,
तेव्हा बैलहोंगलचा बसलिंग गुडघ्यावर बसून
गोल काढत होता.
मोनाप्पापेक्षा पुष्कळ गोल होता तो.
पेटी निवल्यावर त्यानंच पायानं पुसला,
आणि मला ओळखलं नाही.
बाहेर येऊन मी स्कूटर सुरू केली
आणि उगीच हसत बसले.

शेवटचा प्रश्न, 'पुढच्या पाच वर्षांतलं ध्येय.'
मोठी मोठी वाक्यं सुचतात, सगळ्यांना सुचतात तीच.
शेजारचा माग खटकन थांबलाय. लाइट गेली.
स्क्रीनच्या उजेडात टाइप करते,
कन्नड नीट शिकणे.
वाचून बघते. असू दे.

गावाची जागा अजून मोकळी आहे.
बॅटरी चौदा टक्के.