टॅपेट कव्हर

बॉनेटखाली कोण बघतंय, म्हटलं मी.
मुनीर मिस्त्री काही बोलला नाही,
रॉकेलचा बोळा घासत राहिला.

आधी चंदेरी निघाला. त्याखाली लाल,
कुणीतरी ट्रॅक्टरचा उरलेला फासलेला.
आणि त्याखाली, नखाएवढा,
कंपनीचा हिरवा.

तेवढ्यावर त्यानं चिकटपट्टी लावली.

मग गच्चीवरल्या पत्र्यावर मांडलं सगळं:
पंखा, पुली, एअर क्लीनरचं टोपडं.
परभणीचा मे.
भट्टीचं भाडं वाचलं.
"बनी तो बनी," हसला,
पुढचं म्हटलं नाही.

दिवेलागणीला सगळं हिरवंगार,
कव्हरवर तेवढा नखाएवढा जुना,
जरा मळका.
मी बोट पुढं केलं.

"हात नक्को लगाव, गीला है."

कोणता,
ते मी विचारलं नाही.