कर्नल घाबरत नसतो

अक्कलकोट रोड एमआयडीसी, रात्रीचे पावणेबारा.
पत्रे अजून दुपारचेच तापलेले.
गेटवर धर्मण्णा कोरे, सैन्यातून सुटून नऊ वर्षं झालेला,
वहीत माझी वेळ लिहितो, विचारतो, काय झालंय मॅडम?
मी म्हणते, कर्नल पॅनिक.
तो पेन थांबवतो.
"कर्नल घाबरत नसतो," म्हणतो,
आणि कारणाच्या रकान्यात लिहितो: कंप्युटर.

आत अठरा माग उभे,
तोंडात अर्धवट टॉवेल.
नक्षी पाठवणारं यंत्र कोपऱ्यात,
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं
आणि कीबोर्डवरचे दोन दिवे
उघडझाप, उघडझाप.
रविवारी मालकांच्या भाच्याने अपग्रेड केलं.
"नवीन आलंय म्हणालं, मी हो म्हटलं."
सोमवारी तीनदा पडलं.
मंगळवारी त्यांनी मोजणं सोडलं.

शेवटची ओळ वाचून निदान करू नये
हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.
शेवटच्या ओळीत फक्त प्रेत असतं.
कोण कुणाला हाक मारत इथवर आलं
ते वर असतं,
आणि वरचं कधीच पडद्याबाहेर निघून गेलेलं.
म्हणून माझ्या लॅपटॉपला तार जोडली:
पडताना जे बोलशील ते याच्या कानात बोल.
मग बसून राहिले, पडण्याची वाट बघत.

तोवर मेमरी तपासली. दोन फेऱ्या, चूक शून्य.
डिस्क ठीक.
पंख्यात टॉवेलचा कापूस, मूठभर. काढला.
हेच असावं, असं फार वाटलं. नव्हतं.
जुन्या कर्नलवर: चाललं.
नव्यावर: अकरा मिनिटं.
परत जुन्यावर: चाललं.
परत नव्यावर

मल्लेशम कुरापाटी, जॉबर, स्टुलावर डबा उघडतो.
कडक भाकरी, शेंगाचटणी;
अर्धं झाकणात घालून माझ्याकडे सरकवतो.
मागाचं बघा, म्हणतो. ताण्यात हजारो धागे.
एक तुटला की पिन पडते, माग थांबतो.
नवी पोरं वैतागतात, पिनेला चिंधी बांधतात.
मग थांबत नाही.
चाळीस मीटर माल एका धाग्याविना निघतो
आणि सकाळी मालक विचारतो, हे कुणी विणलं बे?
"थांबला तो माग चांगला."
बोट चाटून माझ्या पडद्याकडे बघतो.
"दारम तेगिंदी. कुठला, तेवढं शोधा."

एक वीसला पडलं. या वेळी बोलून पडलं.
खालून वर वाचत गेले, एकेक नाव,
सगळी घरचीच,
आणि मध्ये एक परकं:
मागांच्या कार्डाचा जुना ड्रायव्हर.
कुणा आ. रा. सादूलांनी लिहिलेला, चौदा वर्षांपूर्वी,
वर त्यांचीच टीप: सध्यापुरतं. नंतर नीट करणे.
अपग्रेडमध्ये आतली घरं हलली, नंबर बदलले;
हा जुनीच चिठ्ठी मुठीत धरून
विडी घरकुलात पाहुणा शिरावा तसा शिरला
आणि शून्य नंबरची कडी वाजवली.
शून्य नंबरला घर नसतं.

मल्लेशमला नाव वाचून दाखवलं.
"अशोक चौकातला आनंदराव," म्हणाला,
"पुण्याला गेला म्हणतात," आणि डबा पुसत राहिला.

नीट करायला आठवडा लागेल.
आज जुनाच कर्नल. पुठ्ठ्यावर मार्करने लिहून
मॉनिटरला चिकटवलं:
वरचा नको, खालचा निवडा.
अपग्रेड विचारलं तर नाही म्हणा.
आणि सादूलांच्या टिपेखाली एक ओळ, नाव न लिहिता:
अजून सध्यापुरतंच.

गेटवर धर्मण्णा वेळ लिहितो, दोन चाळीस.
"मग? घाबरला होता का?"
थांबला होता, म्हणते.
"हां."
पहाटे चारला नळाला पाणी, पाचव्या दिवशीचं;
मी किक मारते.
मागे एक माग सुरू होतो, मग दुसरा.
तिसऱ्याला वेळ लागतो.