पाऊणपट

खोलीचं माप आम्ही तीनदा घेतलं.
आठ फूट बाय साडेसहा.
एवढ्या जागेत मनकर्णा कुबल जन्मली
हे सिद्ध करायला सव्वा वर्ष गेलं.
पंचायतीच्या वहीत त्या सालची पानं
कसरीनं खाल्लेली.
मग घनःशाम तारीची आत्ये, दवाखान्यातल्या खाटेवरून:
"जलम हयच झालो. माझ्या आयेन नाळ कापली.
कोयत्यान नाय, शिपल्यान."
कोयता की शिंपला, यावर सभेत अर्धा तास.
आत्येनं कागदावर अंगठा उठवला
आणि आठवड्यात गेली.

मी खजिनदार. एसटीत कंडक्टर होतो,
सुट्ट्याचा हिशेब मला चुकत नाही.
अकराची पावती, एकावन्नची,
घाटकोपरच्या मंडळाचे पाच हजार,
इब्राहिम फकीची एका रात्रीची बांगडी, सगळीच्या सगळी.
फिलोमिना आल्मेडानं पैसे दिले नाहीत,
कौलं दिली. तीनशे दहा.
पावतीवर काय लिहू, विचारलं तर म्हणाली,
"लिव, पावसाक आडोसो."

आडबंदरच्या बाहेरचे विचारतात, ही कोण?
होडीला बाईचा पाय लागू देत नसत, तेव्हाची.
लग्न होऊन पाचव्या महिन्यात परत आली.
का, ते आत्येनंही सांगितलं नाही.
बाप, भाऊ दर्यात. ही भिंतीशी.
उधाणाचं पाणी खोलीत शिरलं
की ओसरायच्या आत
चिऱ्यावर कावेची रेघ.
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते
हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.
तिला ठाऊक होतं, ती कुठे चुकते.
एकोणतीस वर्षांच्या रेघांतून झालं पंचांग,
पुढे दाभोळपासून रेडीपर्यंत
होडी-होडीत, उदबत्तीच्या पुड्याशेजारी खोचलेलं.

निधी मंजूर झाला. ठेकेदार आला.
"भिंत साफ करून देतो," म्हणाला.
पहिल्या हप्त्यावर सही माझी.
गुरुवारी कुडाळहून परतलो, तर खोली
सोललेल्या अंड्यासारखी.
"रेघा?"
"कसल्या रेघा? लाल डाग होते, कुणी पान थुंकल्यासारखे.
घासून काढले. वर दोन हात सिमेंट."

मला कुणी बोललं नाही.
बोलले असते तर बरं झालं असतं.

रुक्साना सोलकर बाईंकडे शाळेच्या सहलीचा एक फोटो निघाला.
पुढे पोरं, मागे भिंत.
पोरांच्या डोक्यांमधून मोजल्या, अकरा रेघा.
घनःशाम म्हणाला, तेवढ्या तरी परत काढू.
फकी म्हणाला, ती लबाडी.
मग काय पांढरी भिंत दाखवू लोकांना?
फकी चपला शोधत उठला.
पुढच्या दोन सभांना कोरम नव्हता.

श्रावणातल्या पुनवेला पाणी आत आलं.
खुर्च्या तरंगल्या, उद्घाटनाची कोनशिला बुडाली,
आणि ओसरल्यावर भिंतीवर उरली
कचरा, गवत, खवल्यांची एक तपकिरी रेघ.
बाईंनी फोटो शेजारी धरला.
मनकर्णाच्या सर्वांत वरच्या रेघेपेक्षा
वीतभर उंच.

पावतीबुकाच्या पेनानं मी तारीख लिहिली.
इतिवृत्तात एकच ठराव: ही भिंत पुन्हा रंगवू नये.
सूचक फकी.

पुढची अवस. पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा.
तिच्या पंचांगात बारा वाजून दहा.
आम्ही सव्वाअकरालाच कुलूप काढून बसलो,
मधे बॅटरी, कावेची वाटी,
कुणीतरी आणलेले उकडलेले शेंगदाणे.
बारा वाजले तरी खाडी तिथेच.
घनःशामचं तोंड पडलेलं.
"झोपा जावन," फकी म्हणाला, पण उठला नाही.

मग पायरी भिजली.
मी घड्याळ बघितलं नाही.