दहा बाय तेवीस

वजन विचारलं तेव्हा मी बासष्ट म्हणाले.
बायोडेटात तेच आहे,
मावशीच्या अक्षरात, उंचीच्या खाली.
निकुंभ सरांनी वही मिटली, जीपमध्ये बसवलं
आणि गोंदूरच्या धावपट्टीवरून थेट
जिनिंगच्या काट्यावर नेऊन उभं केलं,
बूट, हेल्मेट, पाठीवरचं ओझं, सगळ्यासकट.
सीझन संपलेला. पेंडीच्या पोत्यांवर झोपलेला हमाल उठला,
डोळे चोळून मोठ्यानं वाचलं: शहाऐंशी.
मी कापूस असते तर ओलाव्यापायी दोन किलो कापले असते.
माझे कुणी कापले नाहीत.

शहाऐंशी किलो, म्हणजे एकशे नव्वद पौंड.
सरांचा हिशेब चुन्याच्या डबीवर मावेल एवढा:
नवख्यानं कापडाच्या एका चौरस फुटावर
एक पौंड टांगायचा, वर तोळाभरही नाही.
"त्यात हा मे महिना. उन्हानं हवा पातळ होते,
पाहुणे वाढल्यावर ताक होतं तशी.
माणूस जोरात खाली येतो.
एकशे नव्वदचा नको. दोनशे तीस घे."

मला दीडशेचा हवा होता.
निळा, कडेला पिवळी पट्टी,
एका हौशी डॉक्टरनं निम्म्या किमतीत काढलेला.
फालकनं नव्हता का घेतला तसलाच, अठराव्या उडीला?
फालक शेडमध्येच होता, पाय स्टुलावर,
घोट्यात सात स्क्रू.
"वर लई मजा आली," म्हणाला.
"शेवटचं वळण जरा खाली घेतलं."
आणि बिस्किट चहात बुडवून विसरला.

दोनशे तीस चौरस फूट.
आग्रा रोडमागच्या गल्लीत अण्णांचं दुकान आहे,
दहा बाय तेवीस.
दोन मशिनी, इस्त्रीचं टेबल, ट्रायलचा पडदा,
शिवून झाल्यावर कुणी न्यायलाच न आलेल्या
कपड्यांचं एक कपाट.
एवढं सगळं डोक्यावर पसरून उतरायचं.

अण्णा लेकरांचं काहीही वाढत्या अंगाचं शिवतात.
दोन बोटं कापड आत दुमडलेलं,
पुढच्या जूनमध्ये उसवून सोडायला.
माझा एक फ्रॉक चौथीपासून सातवीपर्यंत गेला.
इथे उलटं असतं, मी त्यांना सांगितलं,
इथे शिकत गेलं की कापड कमी करतात.
दातातला दोरा तोडून ते म्हणाले,
"मंग पहिलं मोठंच लागी ना.
तुले काय घाई शे, पोरी?
जमीन कोठे पळी जात नही."

सकाळी साडेसहा.
दारातून लळिंगचा किल्ला नखाएवढा,
पांझरा नुसती वाळू, मधोमध एक ओली रेघ.
उडी.
मग खांद्यांना हिसका,
मग इतकी शांतता की माझाच श्वास परका वाटला.
वर पाहिलं. नऊच्या नऊ कप्पे फुगलेले, दोऱ्या सरळ.
दुकान उघडलं होतं.

मोठी छत्री म्हणजे म्हैस.
वळ म्हटलं की आधी विचार करते.
वारा पश्चिमेचा, धावपट्टी समोर,
आणि मी जागच्या जागी, मग चक्क मागे मागे.
निळा दीडशेवाला एव्हाना खाली चहा पीत असता,
किंवा नसता.

नांगरलेल्या रानात ढेकळांवर उतरले,
म्हणजे आधी गुडघ्यांवर, मग कुशीवर.
घोटे हलवून पाहिले. उजवा. डावा.
बांधावरून शेळ्यांची म्हातारी आली.
"कोनी पोर शे तू?"
अण्णा शिंप्याची.
तिनं कापड चिमटीत धरलं, उन्हाकडे करून पाहिलं.
"यामां दोन लुगडा व्हतीन," म्हणाली,
आणि शेळ्यांमागे गेली.

धावपट्टी दीड किलोमीटर लांब होती.
ऊन चढत होतं.
काखेतून कापड सारखं निसटत होतं.