मागून येणाऱ्याला

रविवारी सकाळी, कन्नमवार नगरात, आमच्या बिल्डिंगखाली
शलाकाने सेकंडहँड झेनच्या डोळ्यांना टूथपेस्ट लावली.
दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर, पाणी, पुन्हा पेपर,
मोतीबिंदू उतरावा तसा पांढुरका ओघळ बंपरवरून.
आणि काच लख्ख झाल्यावर म्हणाली,
आता काळी फिल्म लावू. पुढे, मागे, इंडिकेटरला पण.

मी एकतीस वर्षं आरटीओत होतो.
असल्या किती काचा नखाने खरवडून पाहिल्या,
किती पोरांना परत पाठवलं, जा, उतरवून ये.
आज माझ्याच हातात हेअर ड्रायर,
दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सोडलेली वायर
आणि गॅलरीतून दिघे: साहेब, पावती कोण फाडणार?
मी तिला नियम सांगितला, कलमासकट.
ती म्हणाली, बाबा, वारा जरा डावीकडे धरा.

फिल्म काही बसेना.
इंडिकेटर म्हणजे नुसतं वळणच,
कोपऱ्यात सुरकुती, सुरकुतीखाली बुडबुडा,
बुडबुड्यात साबणाचं पाणी.
तेव्हा तिची आई खाली आली. गळ्यात टेप.
दोन मिनिटं नुसतं पाहिलं.
अगं, ही कटोरी आहे. सरळ कापून कशी बसेल?
बटर पेपर दिव्यावर धरला, पेन्सिलीने गोलाई उतरवली,
टक्स कुठे ते दाखवलं.
तिरपं घे. तिरपं घेतलं की ताणतं.
आजवर हजारेक ब्लाउज शिवले असतील तिने,
त्यातला हा एक मारुतीचा.

संध्याकाळी, खाडीकडचा रस्ता संपतो तिथे,
मी गाडीमागे वीस पावलं गेलो,
हात जुन्या सवयीने पाठीवर.
शलाका आतून ओरडली, डावा!
काहीतरी उघडमीट झाली,
राखेखालच्या निखाऱ्यावर कोणी
फुंकर घातली न घातली.
दिसला?
तू सांगितलंस म्हणून दिसला.
पण मला ठाऊक असतं ना, बाबा, कुठे वळायचंय ते.
तुझ्यासाठी नसतो गं तो. मागून येणाऱ्याला.

हे बोललो आणि जीभ जड झाली.

चौकशी लागली होती तेव्हा. घरी बसवलं होतं मला.
तरी रोज नऊ दहाला डबा घेऊन निघायचो,
घाटकोपरच्या एका बागेत, बाकावर,
शर्टाची इस्त्री मोडू न देता.
भेंडी कावळ्यांना.
घरात अवाक्षर नाही. सहा वाजता दमल्यासारखं परत.
विसाव्या दिवशी डबा उघडला
तर पोळ्या दुप्पट,
खाली घडी घातलेलं त्या दिवशीचं वर्तमानपत्र
आणि शब्दकोड्यासाठी टोक केलेली पेन्सिल.
त्यावर ती कधी काही बोलली नाही.
मीही नाही. कोडं मात्र सोडवलं,
आडवे सगळे, उभे दोन राहिले.

आता ती माझ्या शेजारी येऊन उभी होती, अंधारात,
चपलेत वाळू गेली म्हणून एक पाय झटकत.
शलाकाने पुन्हा विचारलं, आई, तुला?
मला दिसला बाई, ती म्हणाली.
मला दिसतो. बाकीच्यांचं बघ.

मग तिघांनी मिळून मागची फिल्म सोलली.
निघताना ती दुधावरच्या सायीसारखी गोळा झाली,
माझ्या तळहाताला चिकटली, पँटला पुसली तरी जाईना.
पुढची राहू दे, शलाका म्हणाली,
आईची केवढी मेहनत आहे त्यात.
मी विरोध केला. अर्धवट.
सोमवारी कोणी अडवलंच तर बघू.

परतताना आमच्या फाटकाशी डावीकडे वळायचं होतं.
मागे रस्ता रिकामा, एक कुत्रं सोडून.
तिने तरी दांडी खाली केली.
टिक, टिक,
आणि कुत्रं थांबलं.