मसुराएवढा ठिपका

अमाडोरात, चपला शिवणाऱ्या अडेलिनोच्या दुकानावर
माझी एक खोली आहे, एक खाट,
आणि एक मशीन, ज्याचे एकोणीस हप्ते अजून फिटायचेत.

दोमिंगास आली ती बसचालकाच्या गणवेशात,
जून महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून.
बसली, पण मफलर काढेना.
मी पाणी दिलं. पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं.
मग म्हणाली, पहाटे चारला डेपोतल्या आरशात
दाढी करते मी, इव्हान्द्रा. बावन्न वर्षांची बाई.
नवऱ्याला वाटतं, मला लवकर उठायची हौस आहे.

मफलर सुटला.
हनुवटीखाली काळेपांढरे खुंट, वस्तऱ्याचे ओरखडे,
आणि डाव्या जबड्यावर तीन चौकोन,
बाकीच्या चेहऱ्याहून गडद,
टपालात मारतात तसे, शिक्क्यासारखे.

कुठे केलंस, हे मी विचारलं नाही.
मॉलमधली ती पांढरीशुभ्र जागा मला ठाऊक आहे,
अर्ध्या किमतीच्या सोमवारची.
मुलगी वाईट नव्हती गं, दोमिंगास म्हणाली,
हात मऊ होते तिचे.
पोळतंय म्हटलं, तर म्हणाली, सगळ्यांनाच थोडं पोळतं.

मी पॅन्टचा पाय वर सरकवला.
माझ्या नडगीवर फिकट चौकोनांची शिडी आहे
घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, तेविसाव्या वर्षीची.
भिंतीवर प्रमाणपत्रही आहे,
पण लोक हीच वाचतात.

हे बघ,
उजेडाला केस कळत नाही, कातडी कळत नाही.
त्याला फक्त काळं कळतं.
गोऱ्या गालावरचा केस तो बरोबर हुडकतो.
आपल्याकडे येतो आणि दारातच गोंधळतो,
घरभर काळंच, धरू कुणाला?
आणि उंबऱ्यालाच आग लावून परततो.

म्हणून लांब लाट. हजार चौसष्टची.
ती वरच्या रंगाशी फारशी बोलत नाही,
गुमान खाली उतरते, मुळाशी.
पण तीही आगच, हे मी विसरत नाही.
गार वाऱ्याची नळी आधी, मग ती.
उन्हानं रापलेली आलीस तर परत पाठवीन.
मधल्या दिवसांत चिमटा लावायचा नाही,
मूळच उपटलंस तर उजेडानं शोधायचं काय?
आणि पांढरे केस त्याला दिसतच नाहीत,
ते राहतील. हे आजच सांगून ठेवते.

तिला सगळं आजच हवं होतं.
शनिवारी भाचीचं लग्न, फोटो, गळ्यात मोत्यांची माळ.
मी म्हटलं, आज फक्त एक ठिपका,
जबड्याच्या कडेला, कानाखाली. मसुराएवढा.
पंधरा दिवसांनी ये.

एका ठिपक्याचे किती?
काही नाही.
मग हप्ते कसे फेडतेस, बाई?
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
दुधानं पोळले मी,
ताक फुंकणं हाच आता धंदा झाला.

तिनं मफलर पुन्हा गुंडाळला, जरा रागानंच.

त्या पंधरा दिवसांत
माझ्या हातून गेलेला एक ठिपका
दुसऱ्याच्या अंगावर शहरभर फिरत होता,
दामाइया, रेबोलेइरा, बुराका, परत दामाइया,
थांब्याथांब्यावर दारं उघडत, मिटत.
मी कशुपा ढवळता ढवळता हात थांबवायची.
फोन वाजला की पोटात गोळा.

सोळाव्या दिवशी आली. लग्नाचं बोलली नाही.
डूल बाजूला धरून मान वळवली.
मी दिवा ओढला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
इथे ना? ती म्हणाली. नाही, जरा खाली.
की वर?
शेजारचे तीन चौकोन होते तिथेच होते, ढिम्म.
खाली अडेलिनो कुणाच्या तरी टाचेत खिळे ठोकत होता
आणि आम्ही दोघी, तिचं बोट, माझं बोट,
काहीच न झालेली जागा
बराच वेळ शोधत होतो.